त्याले बी दम खाऊ दे

भरीत हँड ब्लेंडरने करू नये. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ब्लेंडरची बरीच बाजू घेणार आहे आणि तेवढ्यावरून जळगावकडच्या वाचकांनी मला वाळीत टाकायला नको. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली हिरवट-पांढरी वांगी, त्याच जाळात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, हे सगळं लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायचं असतं. ठेचल्यावर गराचे धागे सुटे होतात, पण राहतात. बिया अख्ख्या राहतात. एका घासाला मिरची झोंबते, दुसऱ्याला नुसता धुराचा वास येतो. ब्लेंडर यातलं काही शिल्लक ठेवत नाही. करड्या रंगाचा गुळगुळीत लपका तेवढा वाटीत पडतो, मग त्यावर कांद्याची पात नि शेंगदाणे कितीही पेरा. 2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिळायलाच हवं होतं. पण बडगी नसती तर त्या वांग्याचा एवढा बोलबाला झाला असता का, याची मला शंका आहे.

आमच्या घरात ब्लेंडर आला तो ताकापायी. सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी रवी बंद करायला सांगितली. आत्याबाई अमळनेरकडच्या. सकाळचा चहा झाला की स्टीलच्या उंच डब्यात विरजण घालून घुसळायला बसायचं, हा त्यांचा नेम. दोरी ओढताना त्या कुणाशी बोलत नसत, फक्त ऐकत असत, आणि घरातल्या बऱ्याच बातम्या त्यांना त्या वेळात कळत. रवी बंद म्हणजे हे सगळंच बंद. मग ह्यांनी बाजारातून ब्लेंडर आणला. पांढरा, एका बटणाचा, खालचा दांडा फिरवून सुटा होणारा. आणल्या आणल्या त्यांनीच डब्यात बुडवला आणि बटण दाबून धरलं ते धरलंच. ताक कधीच झालं होतं, फेस डब्याच्या काठापर्यंत आला होता, तरी यांचं बोट काही उचलेना. मागून आत्याबाईंचा आवाज आला, "त्याले बी दम खाऊ दे रे बाप्पा!"

आत्याबाईंना मोटरमधलं काही कळत होतं असं नाही. बैल असो, माणूस असो, गिरणीचा पट्टा असो, सगळ्यांना त्या एकच कायदा लावायच्या. पण खोक्यातली पुस्तिका मी उघडून पाहिली तर तिच्यात तरी वेगळं काय होतं? सलग एक मिनिटाच्या वर चालवू नका, मग थंड होऊ द्या. घट्ट पदार्थ असेल तर त्याहूनही कमी. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत हे या ना त्या शब्दांत असतं आणि बहुतेक घरांत ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते.

ही मिनिटाची अट उगाच घातलेली नसते. मुठीत मावणाऱ्या त्या नळकांड्यात जी मोटर असते ती मिक्सरच्याच जातीची. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. आतली गुंडाळी फिरते, तिच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर कार्बनचे दोन ठोकळे घासत राहतात आणि त्यांच्यातून वीज आत जाते. आकार लहान, जोर भरपूर, वेग प्रचंड, पण तापते फार. थंड राहण्यासाठी तिच्याच दांड्यावर एक छोटा पंखा बसवलेला असतो, वरच्या फटींतून तो हवा खेळवतो. गोम इथेच आहे. पदार्थ घट्ट असला की मोटर मंदावते, मंदावली की जास्त करंट ओढते आणि जास्त तापते. पण पंखाही त्याच दांड्यावर, म्हणजे तोही मंदावतो. ज्या क्षणी वारा सगळ्यात जास्त हवा, त्याच क्षणी तो सगळ्यात कमी. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास. दुपारी ओट्याशी उभं राहून पाहा, मोटरला गार करायला कसली हवा मिळते ती. उन्हाळ्यात मी एका मिनिटाचं अर्धं मिनिट करते आणि मधल्या वेळात कोथिंबीर निवडते.

याउलट हवेत रिकामा फिरवणंही वाईट. ओझं नसलं की या मोटरचा वेग भलताच वाढतो. दांड्याच्या खालच्या टोकाला जिथून पातं बाहेर येतं तिथलं सील पातळ पदार्थात असलं की गार आणि ओलं राहतं, कोरडं फिरवलं की झिजतं. म्हणून आधी बुडवायचा, मग बटण. काढताना आधी बटण सोडायचं, पातं थांबू द्यायचं, मग बाहेर. हा क्रम चुकला की ओट्यामागच्या फरशीवर वरणाची नक्षी उमटते ती वेगळीच.

विजेचं म्हणाल तर काही नाही. 300 वॅटचा ब्लेंडर रोज एक मिनिट चालवला तर एक युनिट जळायला 200 दिवस लागतात. खरी अडचण वेगळी होती. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे लाईट जायची ती नेमकी सकाळच्या स्वयंपाकाला. तेव्हा आत्याबाई खुंटीवरची रवी काढून माझ्या हातात द्यायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो खांदा दुखण्याच्या दुःखापेक्षा मोठा होता.

हे यंत्र मुळात आपल्या स्वयंपाकासाठी जन्माला आलेलंच नाही. स्वित्झर्लंडमधल्या रॉजर पेरिनजाके नावाच्या माणसाने 1950 साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर सूप, सॉस, फेटलेली साय असणार. आपल्याकडे मिक्सरचीही तीच गत झाली होती. परदेशी मिक्सरमध्ये आपले कोरडे मसाले आणि भिजलेल्या डाळी वाटायला गेलं की मोटर जळायची. घरातला असाच एक मिक्सर जळाला म्हणून सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरने खटाटोप करून 1960 च्या दशकात सुमीत मिक्सर काढला. भारतीय वाटणाला टिकेल असा मिक्सर त्यातून मिळाला. हँड ब्लेंडरच्या वाट्याला मात्र असा कुणी माथुर आलेला दिसत नाही. तो आजही मनाने सूपवालाच राहिला आहे, आणि आपण त्याच्या पुढ्यात पुरण ठेवतो.

पुरणाचा विषय निघालाच आहे तर आखाजीचं सांगते. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि घरोघरी खापरावरचे मांडे नि आमरस. एकेका घरात डाळ किलोंच्या मापाने शिजते. पुरणयंत्र फिरवून मनगट दुखायला लागलं की कुणाच्या तरी मनात येतं, ब्लेंडर आहेच की. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या बाजूला मिक्सर-ब्लेंडर दुरुस्त करणारे एक काका बसतात. ते म्हणाले, आखाजी झाली की माझ्याकडे ब्लेंडर येतात आणि मी बाईंना विचारतसुद्धा नाही काय केलं ते. उघडतो, वास घेतो. गुंडाळीवरचा लाखेसारखा लेप जळाला की त्याचा वास पुरणाच्या वेलदोड्यातूनही लपत नाही. "ताई, डाळ शिजलेली, गूळ पडलेला, पाणी आटलेलं. ते पुरण राहतंय का, ते तर सिमेंट!" असं म्हणून त्यांनी एक जळालेली मोटर माझ्या हातात दिली. तांब्याची तार एका बाजूला तांबूस चकाकत होती, दुसऱ्या बाजूला काळी ठिक्कर.

करायचंच असेल तर गूळ घालण्याआधी, डाळ पुरेशा कटासकट असताना, थोडी थोडी घेऊन, थांबत थांबत. पण मग कट निथळणार कधी आणि पुरण आटणार कधी? मांड्याचं पुरण सैल झालं तर हातावर मांडा वाढवताना फाटतो, आणि तो फाटला की चार बायका आपल्याकडे बघतात. त्यापेक्षा यंत्राची चाळणी बरी.

आमरसाचं थोडं निराळं आहे. केसर, बदाम असले आंबे असतील तर ब्लेंडर चालतो, फक्त पातं रसाच्या वर आणायचं नाही, नाहीतर हवा शिरते, रस फेसाळतो आणि फिका पडतो. गावरान आंब्याच्या रसात मात्र घालूच नका. त्याच्या शिरा पात्याखालच्या दांड्याला गुंडाळत जातात, इतक्या घट्ट की नंतर सुईने उचकटाव्या लागतात. गावरान आंबा हाताने पिळून काढायचा. कोयीला लागलेला रस पोरांनी चाटायचा, हा त्यातला निम्मा कार्यक्रम आहे.

वरण-बट्टीच्या वरणाला मात्र माझी ब्लेंडरला पूर्ण मान्यता. तूरडाळ शिजली, कुकर उतरवला, वाफ पूर्ण गेली की उंच पातेल्यात काढून दोन-तीनदा दाबायचं, सोडायचं, बस. बट्टी वरण पिते, त्यामुळे वरण एकजीव लागतं. कुकरमध्येच फिरवायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमच्या तळाला ब्लेंडरची कडा घासून चरे पडतात. पातेलं थोडं कलतं धरलं तर डाळ आपोआप पात्याकडे ओढली जाते. दांडा तळाला सपाट चिकटला तर खेचून काढावा लागतो, आणि खेचताना गरम डाळ उडते, तेव्हा तोही कलताच ठेवायचा. बट्टीसोबतच्या घोटलेल्या वांग्याच्या भाजीला एक दाब देते मी, खोटं कशाला सांगू. एकच. दुसरा दिला की आत्याबाईंना खालच्या खोलीतून आवाजावरून कळतं.

आवाज हा या यंत्राचा खरा काटा आहे. सायीचं लोणी काढताना ते सगळ्यात चांगलं कळतं. पात्याऐवजी तारांचा बीटर लावायचा, कारण पातं लोण्याचे कण कापत राहतं आणि ते ताकात बारीक पसरून बसतात, गोळा धरत नाहीत. सुरुवातीला साय सैल असते तेव्हा आवाज मोकळा, वरच्या पट्टीतला. साय फेटली जाऊन घट्ट झाली की तोच आवाज दाटतो, खाली येतो, आणि मोटर हाताला कापरं भरल्यागत लागते. मग एकदम छपछप. लोणी फुटलं, ताक सुटलं. इथे थांबायचंच, पुढे हाताने गोळा करायचा. उन्हाळ्यात हे सारं होण्याआधीच लोणी पातळ होऊन बसतं, कारण त्याला साधारण 12 ते 15 अंशांचं गारपण लागतं आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याच्या तिप्पट असतं. मग साय आदल्या रात्री फ्रीजमध्ये, भांड्यात बर्फाचे खडे. एवढा खटाटोप करताना मला दर वेळी आठवतं की 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला तो आत्याबाईंच्या अमळनेरातच, आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "झाली असेल. आमच्या घरात ते तूप कधी आलं नाही."

नानांच्या आजारपणात या ब्लेंडरने जे केलं त्यासाठी मी त्याची बाजू घेते.

नानांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू वळणावर आले, पण गिळणं बिघडलं. डॉक्टरांनी बजावलं की जेवण एकजीव हवं, एकही गुठळी नको, पाणीसुद्धा दाटसर करून, ताठ बसवून, लहान चमच्याने. पहिल्या दिवशी मी भात-वरण ब्लेंडरमधून काढलं तर खळ झाली. शिजलेला भात फार फिरवला की त्याची पिठूळ चिकी सुटते आणि घास टाळ्याला चिकटतो. मग शिकत गेले. भात थोडा, मुगाची डाळ जास्त. सगळं गरम असतानाच फिरवायचं. फिरवून झालं की गाळणीतून काढायचं, कारण पात्याच्या टोपीत एखादी गुठळी दडलेली असतेच. दाटपणा चमच्याने पाहायचा. चमचा उलटा केला तर घास सावकाश, एका तुकड्यात खाली यायला हवा. धार लागली तर पातळ, लटकून राहिला तर घट्ट.

नानांनी ते खाल्लं, पण ज्या नजरेने खाल्लं ती मला सहन होत नव्हती. आयुष्यभर कळण्याची भाकरी मोडून, तिच्यावर तेलाची धार सोडून, ठेचा लावून खाल्लेला माणूस. त्याच्यासमोर रोज पिवळी खीर. हिवाळा लागला, घरात भरताची वांगी आली. बडगीत भरीत झालं, फोडणी पडली, घरभर वास सुटला आणि नाना पलंगावरून स्वयंपाकघराकडे बघत राहिले. मी त्यांच्या वाट्याचं भरीत बाजूला काढलं. शेंगदाणे, पात, खोबऱ्याचे तुकडे काही घातलं नव्हतं त्यात. थोडं वरण घातलं, ब्लेंडर फिरवला, बिया नि सालीचा कण राहू नये म्हणून गाळून घेतलं, आणि वरून लसणाच्या फोडणीचं नुसतं तेल, तेही नीट मिसळून. जे करू नये म्हणते तेच केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. नानांनी पहिला चमचा तोंडात बराच वेळ ठेवला. मग गिळला. जीभ जड होती, शब्द ओढत ओढत यायचे. म्हणाले, "मिरची कमी शे."

घरात कितीतरी दिवसांनी सगळे हसले.

त्या काळात ब्लेंडर दिवसातून कितीदा धुवावा लागे, त्यामुळे धुण्याबद्दल माझी मतं पक्की झाली आहेत. काम झालं की लगेच पेल्यात कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, आणि त्यात काही सेकंद फिरवून घ्यायचा. मग साध्या पाण्यात पुन्हा एकदा. डाळ वाळली की मग घासत बसा. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय पात्याला बोट लावायचं नाही, आणि 'बटण बंद आहे' या भरवशावर तर अजिबात नाही. घरात लहान मूल असेल तर ते कधी, कुठून येऊन ते बटण दाबेल याचा नेम नसतो. पात्याखालचा कोपरा जुन्या टूथब्रशने. मोटरचा भाग पाण्याखाली कधीच नाही, ओल्या फडक्याने पुसायचा नि झालं. आणि सुटा दांडा बादलीत बुडवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. वरच्या तोंडातून पाणी आत शिरतं, आतलं वंगण सुटतं, आणि पुढच्या वेळी ताकात काळसर थेंब उतरतात. धुतल्यावर पातं खाली करून ठेवायचा, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता बाहेर निथळतं.

हळदीचे डाग पडले तर साबणाने हात दुखवू नका. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. थोडं गोडं तेल चोळा, मग साबणाने धुवा, मग उन्हात ठेवा. ऊन त्या रंगाचा फडशा पाडतं. आमच्याकडच्या उन्हाबद्दल सगळे शिव्याच देतात, पण मे महिन्यात गच्चीवर दुपारभर ठेवलेला पिवळाधमक प्लास्टिकचा दांडा संध्याकाळी पुष्कळ निवळलेला असतो. एवढं पुण्य तरी त्याच्या नावावर असू द्या.

गोलाणीच्या काकांनीच मला जोड दाखवला. मोटर आणि दांडा यांच्या मधली दातेरी रबराची चकती. ब्लेंडरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, असं झालं की लोक म्हणतात मोटर गेली. बहुतेक वेळा गेलेला असतो हा जोड. दाते झिजून गुळगुळीत. काकांच्या मते तो झिजण्यासाठीच घातलेला असतो. पातं कुठे अडकलं तर आधी रबर तुटतं, मोटर वाचते. स्वस्तात होतं काम. कार्बनचंही तसंच. फटीतून ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, पाऊस सुरू होण्याआधी विजांनंतर येतो तसला उग्र वास आला, की कार्बन बदलायचा. पण आता नवे ब्लेंडर असे येतात की त्यांचं झाकण उघडतच नाही, स्क्रूच नाही, सगळं दाबून बसवलेलं. काका ते हातात घेतात, चारी बाजूंनी फिरवून बघतात आणि परत देतात. "हे उघडायला फोडावं लागेल, ताई. आणि फोडल्यावर मग जोडायचं कशाला?" मला या असल्या वस्तूंचा मनापासून राग आहे. दुरुस्त न होणारी वस्तू विकणाऱ्याने तसं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापावं.

मुलाने पुण्याहून गेल्या दिवाळीत नवा ब्लेंडर आणला. बिनवायरचा, बॅटरीवर चालणारा, काळा नि देखणा. लाईट नसतानाही चालतो, हा त्याचा मोठा गुण. पण आतली लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायची असते, तेव्हा मेमधल्या दुपारी ओट्यावर चार्जिंगला लावायची सोय नाही. मी तो आतल्या खोलीत, सकाळी सकाळी लावते. दुसरं म्हणजे त्याला कुलूप आहे. अंगठ्याने वरचं बटण सरकवून धरायचं आणि त्याच वेळी बोटाने खालचं दाबायचं, तेव्हा तो सुरू होतो. लहान मुलांच्या दृष्टीने अगदी योग्य. पण आत्याबाईंच्या बोटांची पेरं सुजलेली असतात, त्यांना दोन बटणं एकदम जमत नाहीत. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि तो बाजूला सारून जुना पांढरा मागितला.

त्यामुळे आता सकाळचं ताक जुन्यावर, बाकीचं नव्यावर, अशी वाटणी झाली आहे. जुन्याची कंपनी ते मॉडेल आता काढत नाही. मागच्या आठवड्यात काकांकडे जाऊन मी त्याचे दोन रबरी जोड आगाऊ घेऊन ठेवले. काका म्हणाले, एक पुरेल. मी म्हटलं, असू द्या, आमच्याकडे ताक रोज होतं.